कुर्बानीसाठी सुरी कोणती? बदलत्या पात्याची की एकसंध पात्याची?

बकरी ईद आठवड्यावर आली की बहुतेक घरांत माळ्यावरून एक डबा खाली उतरतो. त्यात जुन्या कापडात गुंडाळलेली वडिलांच्या वेळची सुरी असते, एक सत्तूर असतो आणि धार धरायची पोलादी सळई असते. गेल्या काही वर्षांत या डब्यात एक नवा पाहुणा आला आहे. तो म्हणजे बदलत्या पात्याची सुरी. मूठ तीच ठेवायची, धार गेली की पातं काढून टाकायचं आणि पाकिटातलं नवं पातं बसवायचं. घरातली तरुण मुलं ही सुरी ऑनलाइन मागवतात आणि म्हणतात, "धार लावायची कटकटच नको."

आमच्या घरीही दोन वर्षांपूर्वी पुतण्याने अशी सुरी मागवली. कातडी तिने इतकी सहज निघाली की सगळे बघत राहिले. मग त्याने तीच सुरी मागच्या मांडीच्या सांध्यात घातली आणि जराशी पिळली. टक् असा आवाज झाला आणि पात्याचं टोक गायब. तुकडा काही सापडेना. गरिबांचा आणि नातेवाइकांचा वाटा तसाच थांबवून ठेवला आणि आम्ही दीड तास मटण चाचपत बसलो. शेवटी तो तुकडा सांध्याच्या वाटीत अडकलेला मिळाला. सापडला नसता तर कुणाच्या तरी मुलाच्या घासात गेला असता.

म्हणून हा लेख. कोणती सुरी चांगली, याचं एका शब्दात उत्तर नाही. कोणत्या कामाला कोणती सुरी, याचं उत्तर मात्र नक्की आहे. ते समजून घेऊ.

दोन प्रकार नेमके कोणते?

एकसंध पात्याची सुरी म्हणजे आपली नेहमीची सुरी. तिचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं. चांगल्या सुरीत पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे जोर दिला तरी ती मुठीतून हलत नाही. धार गेली की ती पुन्हा लावावी लागते. नीट वापरली तर अशी सुरी बापाकडून मुलाकडे जाते.

बदलत्या पात्याच्या सुरीत मूठ आणि पातं वेगळं असतं. पातं अगदी पातळ आणि कारखान्यातूनच वस्तऱ्यासारखी धार लावून आलेलं असतं. यातही दोन जाती आहेत. पहिलीत पातळ पातं मुठीच्या खाचेत नुसतं अडकवलेलं असतं, जसं डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेच्या सुरीत असतं. दुसरीत पात्याच्या पाठीला पोलादाचा आधार असतो आणि फक्त धारेची पट्टी बदलली जाते. दुसरी जात थोडी मजबूत असते, पण एकसंध सुरीची बरोबरी तीही करत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला कटर. काही घरांत कातडी सोलायला तोच वापरतात. त्याबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे, कारण या कामाला तो सगळ्यात धोक्याचा आहे.

ही सुरी आली कुठून?

पातं बदलण्याची कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जिलेटने बदलत्या पात्याचा दाढीचा रेझर बाजारात आणला. १९१५ मध्ये मॉर्गन पार्कर यांनी मूठ आणि पातं वेगळं असलेल्या शस्त्रक्रियेच्या सुरीचं पेटंट घेतलं. त्यातून बार्ड-पार्कर हे नाव रुग्णालयांत रुजलं. १९५६ मध्ये जपानच्या योशिओ ओकादा यांनी टोक मोडून नवी धार काढायचा कटर बनवला. पुढे त्याच कामातून ओल्फा ही कंपनी उभी राहिली. पात्याचा एकेक तुकडा मोडायची कल्पना त्यांना चॉकलेटच्या वडीवरून सुचली, असं सांगतात.

ही पातळ पाती जनावर सोलायच्या कामात आणली ती अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात शस्त्रक्रियेची पाती विकणारी एक कंपनी होती. तिनेच हॅवलॉन नावाने शिकाऱ्यांसाठी घडीची सुरी काढली. पुढे आउटडोअर एज, गर्बर अशा कंपन्यांनीही आपापल्या सुऱ्या आणल्या. तिथल्या शिकाऱ्याची गरज वेगळी असते. तो हरीण किंवा एल्क मारतो तेव्हा गाडीपासून कित्येक मैल लांब डोंगरात असतो. मांस खराब होऊ नये म्हणून जागेवरच पोट साफ करायचं, कातडी काढायची आणि सगळं पाठीवर लादून आणायचं. अशा वेळी १०० ग्रॅमपेक्षाही हलकी सुरी आणि खिशात अर्धा डझन पाती त्याला सोयीची वाटतात. अंधारात, थंडीत धार लावत बसावं लागत नाही.

भारतात ही गरजच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथे शिकारीवर बंदी आहे. आपल्याकडे ही सुरी शिकारीसाठी येत नाही, कुर्बानीसाठी येते. अमेरिका-कॅनडात राहणारे आपले नातेवाईक तिथल्या फार्मवर जाऊन स्वतः कुर्बानी करतात. तिथल्या दुकानात हीच सुरी समोर दिसते आणि सुट्टीत येताना ते ती सोबत आणतात. पण जी सुरी शिकारीत *मेलेल्या* जनावरासाठी बनवली, ती *जिवंत* जनावर जबह करायला चालेल का? सगळा प्रश्न इथेच आहे.

दीन काय सांगतो?

शरियतने सुरीचा आकार किंवा बनावट ठरवून दिलेली नाही. धारेवर आणि रक्त वाहण्यावर भर दिला आहे. हजरत राफे बिन खदीज (रजि.) यांच्या हदीसमधून उलेमांनी हा मसला काढला आहे की ज्या वस्तूने रक्त वाहील आणि ज्यावर अल्लाहचं नाव घेतलं असेल त्याने जबह होतं, दात आणि नख मात्र चालत नाही. मदीनेजवळच्या सला डोंगराकडे बकऱ्या चारणाऱ्या एका दासीने मरायला टेकलेली बकरी धारदार दगडाने जबह केली आणि ते मांस खायला परवानगी मिळाली, हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. त्यावरून दोन गोष्टी कळतात. महत्त्व धारेला आहे, आणि स्त्रीने केलेला जबहही दुरुस्त आहे.

हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिचा आशय असा की अल्लाहने प्रत्येक कामात भलाई सांगितली आहे, म्हणून जबहही चांगल्या रीतीने करा, सुरीला धार लावून घ्या आणि जनावराला आराम द्या. जनावरासमोर सुरीला धार लावण्यालाही पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मना केलं आहे.

आता काय कापलं जायला हवं ते पाहू. गळ्यात चार गोष्टी असतात: श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्ताच्या मोठ्या नसा. हनफी मसलकात या चारपैकी तीन कापल्या तर जबह पुरा होतो. शाफई मसलकात श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही पूर्ण कापणं जरुरी आहे. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत, तर मराठवाडा, विदर्भ आणि शहरांत हनफी जास्त. मसलक कोणताही असो, चारही एकाच वेळी साफ कापणं हेच उत्तम. जनावराला त्रास कमी आणि शंका कुणालाच राहत नाही.

जबहसाठी: एकसंध, लांब पात्याचीच सुरी

इथे पर्याय नाही. कारण साधं आहे: लांबी.

शिकाऱ्यांच्या बदलत्या पात्याच्या सुरीचं पातं बहुधा अडीच ते साडेतीन इंचांचं असतं. जनावरांच्या कल्याणावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात की जबहच्या सुरीचं पातं जनावराच्या मानेच्या रुंदीच्या निदान दुप्पट असावं. बकऱ्याची मान ४ ते ५ इंच रुंद असेल तर पातं ८ ते १० इंचांचं हवं. लांब पातं एकदा पुढे ओढलं आणि एकदा मागे आणलं की काम होतं. आखूड पात्याला पुन्हा पुन्हा घासावं लागतं. त्याचं टोक जखमेच्या आत रुततं, कड फाटते, वेदना वाढते आणि रक्त नीट वाहत नाही.

दुसरं कारण जोर. शेवटच्या क्षणी जनावर हिसका देतं. पातळ पातं आडव्या जोराने वाकत नाही, सरळ तुटतं. गळ्यात पातं तुटलं आणि दुसरं बसवेपर्यंत जनावर अर्धवट जखमी राहिलं, याहून वाईट काय?

जबहची सुरी घेताना या गोष्टी बघा:

- पातं सरळ, लांब आणि खाचेशिवाय असावं. करवतीसारखे दाते असलेली ब्रेडची सुरी नको.
- टोक फार अणकुचीदार नसलेलं बरं. यहुदी लोकांच्या जबहच्या सुरीला टोकच नसतं आणि प्रत्येक वेळी नखावरून फिरवून ती तपासली जाते. धारेत बारीकशी खाच आढळली तरी ती सुरी चालत नाही. ही काळजी आपणही घ्यायला हरकत नाही.
- कापसाचा बोळा धारेवरून हलकेच फिरवा. तंतू अडकला तर तिथे खाच आहे.
- मूठ ओल्या हातात सरकणार नाही अशी खरखरीत असावी. हात पुढे घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून मुठीला पुढे उंचवटा असावा.

जबह झाल्यावर लगेच कातडीला हात घालू नये. मान मोडणं किंवा पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत सुरी नेणंही टाळावं. जनावर पूर्ण थंड होऊ द्या. फकीहांनी जीव जाण्याआधी सोलायला सुरुवात करणं मकरूह म्हटलं आहे.

कातडी सोलताना: इथे नवी सुरी कामाची, पण सांभाळून

बदलत्या पात्याची खरी ताकद इथे आहे. कातडीखाली पांढरी पातळ झिल्ली असते. तिच्यावर वस्तऱ्यासारखी धार नुसती टेकवली तरी ती सुटते. गुडघ्याजवळ, शेपटीच्या मुळाशी, मानेच्या घड्यांत असे पातं फार छान चालतं. एका बकऱ्याला चांगलं पातं पुरतं, दुसऱ्याला नवं बसवलं की झालं.

पण तिची खोडही हीच आहे. धार इतकी की हाताला कळतच नाही आणि कातडीला भोक पडतं. कुर्बानीची कातडी आपण मदरशाला किंवा गरजूंना देतो. गेल्या काही वर्षांत बकऱ्याच्या कातडीचा भाव आधीच फार पडला आहे. त्यात भोकं पडलेली, चिरलेली कातडी कुणी घेतच नाही. कातडी ही अमानत आहे. कसायाच्या मजुरीत ती देऊ नये, हा मसला हजरत अली (रजि.) यांच्या हदीसवरून सगळ्यांना माहीत आहे. मग ती खराब करून फेकून देण्यातही काही भलाई नाही.

म्हणून जुने खाटीक करतात तसं करा:

- सुरीने फक्त सुरुवातीचे चिरे द्या: पायांच्या आतल्या बाजूने आणि पोटाच्या मध्यरेषेवर.
- चिरा नेहमी आतून बाहेर द्या, धार वर ठेवून. बाहेरून केसांवर सुरी चालवली तर धारही जाते आणि तुटलेले केस मटणाला चिकटतात.
- बाकी कातडी मुठीने ढकलून सोडवा. बकऱ्याची कातडी ताजी आणि गरम असताना मुठीने सहज सुटते. सुरी फक्त अडेल तिथे.
- धार नेहमी कातडीकडे न ठेवता किंचित मटणाकडे झुकलेली ठेवा. मटणाला ओरखडा आला तर चालतो, कातडीला भोक नको.

एकसंध प्रकारात यासाठी ५ ते ६ इंचांची, पोटाकडे गोलाई असलेली सुरी येते. ज्याचा हात बसलेला आहे त्याला तीच पुरते. नवख्याला गोल टोकाची सुरी जास्त सुरक्षित.

पोट उघडताना

इथे घाई नडते. सुरी आतडीत किंवा कोथळ्यात गेली की आतली घाण मटणावर पसरते. लहान चिरा द्या, मग डाव्या हाताची दोन बोटं आत घालून त्यांच्या मध्ये पातं धरा. धार वर, टोक बोटांच्या आड. बोटं आतडी खाली दाबतात आणि सुरी फक्त पोटाची भिंत कापते.

बदलत्या पात्याचं सुईसारखं टोक इथे धोक्याचं. काही नव्या सुऱ्यांबरोबर आकड्यासारखं पातं येतं, त्याची धार आतल्या वळणाला असते आणि बाहेरचं टोक बोथट. पोट उघडायला ते खरंच उपयोगी आहे. ते नसेल तर आखूड एकसंध सुरीच बरी.

अन्ननलिका आणि गुदद्वाराकडची आतडी दोरीने बांधून घेतली तर घाण बाहेर येत नाही. पित्ताची पिशवी कलेजीपासून अलगद सोडवा. ती फुटली तर कलेजी कडू होते. इथे धारेपेक्षा संयम कामाला येतो.

सांधे आणि हाडं: नवी सुरी बाजूला ठेवा

आमच्या घरी चूक इथेच झाली. सांधा सोडवताना सुरी आत घालून थोडी पिळावी लागते. पातळ पात्याला हाच आडवा जोर सोसत नाही.

जनावराची रचना माहीत असेल तर जोर लागतही नाही. पुढच्या पायाचा खांदा धडाला हाडाने जोडलेलाच नसतो, फक्त मांसाने धरलेला असतो. पाय बाहेर ओढून मांस कापत गेलं की तो सुटतो. मागच्या मांडीचा सांधा मात्र गोळा आणि वाटी असा असतो. पाय मागे वाकवला की गोळा वर येतो, मग आतला दोरा कापायचा. या कामाला एकसंध, अरुंद, मजबूत पात्याची ५-६ इंची सुरी घ्या.

हाड फोडायला सुरी नकोच. त्याला सत्तूर आणि खाली लाकडी ठोकळा. सत्तूर तिरका मारला की हाडाचे बारीक कण उडतात आणि खाणाऱ्याच्या दाताखाली येतात. वजन सत्तूरचं असू द्या, हात फक्त दिशा देतो.

नंतर घरात बारीक तुकडे करायचं काम असतं. कोकणातल्या घरांत आजही बायका ते विळीवर करतात. विळी हीही एकसंध पात्याचीच. तिलाही आदल्या दिवशी धार लावून ठेवा. ईदच्या दिवशी बोथट विळीवर जोर लावून बोटं कापून घेण्याची गोष्ट प्रत्येक घरात एखादी तरी असतेच.

धार कशी धरायची?

नवी सुरी घेण्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की धार लावता येत नाही. ती शिकायला एक दुपार पुरते.

- धारेचा दगड दोन बाजूंचा घ्या. खडबडीत बाजू ४०० नंबरच्या आसपास, बारीक बाजू १००० किंवा त्याहून वर.
- कोन साधारण २० अंश. अंदाज असा: सुरी दगडावर उभी धरा म्हणजे ९०, तिचं अर्धं ४५, त्याचं अर्धं साडेबावीस. बस्स, तेवढा कोन.
- एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने.
- पोलादी सळई धार *लावत* नाही. वापरात वळलेली धार ती सरळ करते. म्हणून काम चालू असताना अधूनमधून दोन-चार हात सळईवर मारावेत. साफ बोथट झालेल्या सुरीला मात्र दगडच हवा.
- धार अंगठ्यावर बघू नका. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा.

धारवाल्याकडे देत असाल तर समोर उभे राहा. चाकावर पातं फार तापून निळं पडलं तर त्या जागचं पोलाद मऊ होतं आणि धार टिकत नाही. पाण्यात बुडवत बुडवत लावायला सांगा.

साध्या पोलादाची सुरी लवकर धार घेते पण गंजते. स्टेनलेसची सुरी गंजत नाही, धार लावायला जरा वेळ लागतो. वर्षातून एकदाच वापरणार असाल तर स्टेनलेस घ्या. साधं पोलाद असेल तर धुऊन, वाळवून, खोबरेल तेलाचा हात लावून ठेवा.

बदलतं पातं वापरणार असाल तर

1. पातं कधीही नुसत्या हाताने काढू-बसवू नका. चिमटा किंवा पक्कड वापरा. पातं बदलताना जखम सहज होते, कारण हात चरबीने बुळबुळीत असतो.
2. पाती मोजून काढा आणि काम संपल्यावर मोजा. एक जरी कमी भरलं तर मटण वाटू नका.
3. प्रत्येक वेळी पातं काढल्यावर टोक शाबूत आहे का बघा.
4. तुकडा तुटला तर काम तिथेच थांबवा. त्या भागाचं मटण वेगळं ठेवा. घरात ताकदवान लोहचुंबक असेल तर फिरवून बघा, पण स्टेनलेसचे काही प्रकार चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून हाताने आणि डोळ्याने शोधणं सोडू नका. सापडलाच नाही तर तेवढं मटण गेलं असं समजा. कुणाच्या पोटापेक्षा ते मोठं नाही.
5. मुठीची खाच उघडून धुवा. वाहतं रक्त नापाक आहे आणि ते याच खाचेत साचतं. चरबी आणि केसही तिथेच अडकतात. एकसंध सुरी एका धुण्यात साफ होते, ही मात्र पूर्ण खोलावी लागते.
6. वापरलेली पाती उघडी कचऱ्यात टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बरणीत भरा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि बाहेर "धारदार पाती" असं मराठीत लिहा. ईदच्या दिवशी आपला कचरा उचलणारा सफाई कामगारही कुणाचा तरी बाप आहे.

आणि स्टेशनरीचा कटर? तो नकोच. त्याच्या पात्यावर मोडण्यासाठीच रेघा पाडलेल्या असतात. म्हणजे तो तुटावा अशीच त्याची बनावट आहे. कागदाला ठीक, मटणाला अजिबात नाही.

हात कापला तर

स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात वर धरा आणि १० ते १५ मिनिटं सारखं उघडून बघू नका. बोट वाकत नसेल, बधिर झालं असेल किंवा रक्त थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा. आतली शीर किंवा स्नायूचा दोरा कापलेला असू शकतो. हळद, चहापत्ती भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याला किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा. जनावराच्या रक्तातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होऊ शकतात, म्हणून हाताला आधीच जखम असेल तर हातमोजे घालूनच बसा. ज्या हाताने सुरी धरत नाही त्या हातात जाळीचा, न कापला जाणारा मोजा घातला तर निम्मी भीती जाते.

ने-आण आणि कायदा

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, मात्र घरगुती, शेती आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तरीही सणाच्या दिवसांत सुरी उघडी घेऊन रस्त्यावरून, दुचाकीवरून जाऊ नका. म्यानात किंवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, बंद डब्यात, ठोकळ्यासोबत न्या. विमानात हातातल्या बॅगेत सुरी किंवा सुटी पाती चालत नाहीत. कुर्बानी पालिकेने ठरवून दिलेल्या जागीच करा. मुलांच्या हातात सुरी देऊन फोटो काढू नका. इबादतीचा तमाशा होऊ नये.

थोडक्यात

- जबह: लांब, एकसंध, खाच नसलेली सुरी. दुसरा पर्याय नाही.
- कातडी: दोन्ही चालतात. नवख्या हाताला गोल टोकाची एकसंध, सरावलेल्याला बदलत्या पात्याची.
- पोट: आखूड एकसंध किंवा आकड्याचं पातं.
- सांधे: अरुंद, मजबूत, एकसंध.
- हाडं: सत्तूर.
- बारीक तुकडे: विळी किंवा नेहमीची सुरी.

एकच सुरी घ्यायची ऐपत असेल तर चांगली एकसंध घ्या आणि धार लावायला शिका. बदलत्या पात्याची सुरी ही मदतनीस आहे, मुख्य सुरी नाही. खर्चाचा हिशेबही तसाच पडतो. एकसंध सुरी एकदा घेतली की दगडाशिवाय खर्च नाही. दुसरीत मूठ स्वस्त वाटते, पण पाकीट दर वर्षी घ्यावं लागतं. शिवाय मूठ एका कंपनीची आणि पातं दुसऱ्याचं बसतंच असं नाही.

कसाई बोलावत असाल तरी सुरी तपासणं हे आपलं काम आहे. ईदच्या दिवशी तो सकाळपासून दहावं जनावर करत असतो. त्याला पाणी द्या, दोन मिनिटं बसू द्या आणि अदबीने म्हणा, "चाचा, जरा धार बघून घेऊ या." चांगला कसाई याचा राग मानत नाही.

या वर्षी तो डबा ईदच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी उतरवा. धार लावा, कागदावर तपासा, कापडात गुंडाळून जनावराच्या नजरेआड ठेवा. ज्या जनावराला आपण इतके दिवस चारा घातला, त्याला शेवटच्या क्षणी देता येण्यासारखी भलाई एवढीच असते: साफ धार आणि स्थिर हात.

अल्लाह सर्वांची कुर्बानी कबूल फरमावे. आमीन.